ब्रेक बोटाला, गिअर अंगठ्याला

परवा रात्री भाच्यानं 'फोर्झा होरायझन ५' हा गाड्यांचा गेम सुरू केला आणि पंधराव्या मिनिटाला मला हाक मारली. "मामा, गाडी वळतच नाही ओ. सरळ जाऊन कठड्यालाच बसते." मी शेजारी बसलो आणि चार-पाच वळणं टीव्हीकडे न बघता नुसतं त्याच्या हातातल्या रिमोटकडे बघितलं. वळण जवळ आलं की त्याची डावी तर्जनी ब्रेकच्या ट्रिगरवरून (रिमोटच्या मागच्या कडेचा, दाबत जायचा घोडा) उचलायची, त्याच्या वरच्या बंपरवर (तिथलं साधं बटण) जायची, क्लच दाबायची आणि परत खाली यायची. दुसरा गिअर पाडताना पुन्हा तेच. तेवढ्या वेळात ब्रेक सुटलेला असायचा, तोही गाडीला ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असताना. मग ती वळणार कशी?

सेटिंगमध्ये गेलो. क्लच 'ए' बटणावर आणला, तिथला हँडब्रेक डाव्या बंपरवर पाठवला. गाडी तीच, रस्ता तोच. अर्ध्या तासात पोरगं वळणं काढायला लागलं.

त्यावरूनच हे लिहायला बसलोय. गेली वीस-बावीस वर्षं मी हे गेम खेळतोय आणि एक वाक्य सारखं ऐकतोय, की बटणं काय, ज्याची त्याची सवय. मला हे पटत नाही. सवय कशाचीही होते. उकिडवं बसून जेवायचीही सवय होते, म्हणून मांडी घालून बसणं आणि ते सारखंच होत नाही. गाडी चालवताना कुठलं काम हळूहळू करायचं, कुठलं झटक्यात आणि कुठली दोन कामं एकाच क्षणी अंगावर येतात, एवढं बघितलं की बटणं कुठं असावीत ते बरंचसं आपोआप ठरतं.

रेस, ब्रेक आणि स्टेअरिंग ही हळूहळूची कामं. गिअर, क्लच, हँडब्रेक, मागं बघणं ही झटक्याची. हळूच्या कामाला असं काहीतरी लागतं जे दाबत जाता येतं आणि तितकंच सोडत येता येतं. पीसीवर एक्सइनपुट पद्धतीत (विंडोजची रिमोट वाचायची नवी पद्धत) ट्रिगर ० ते २५५ असा आकडा गेमला पाठवतो. बोटाच्या एका पेराहून कमी अंतरात २५६ पायऱ्या! साधं बटण मात्र हो किंवा नाही, एवढंच सांगतं. साध्या बटणावर ब्रेक ठेवणं म्हणजे घरातल्या पंख्याला रेग्युलेटरच नसणं.

आता हळू सोडणं एवढं महत्त्वाचं का? टायरकडे पकड असते ती एकच भाकरी. सगळी ब्रेकला वाढली तर वळायला काही उरत नाही. म्हणून सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक लावायचा आणि स्टेअरिंग जसं फिरत जाईल तसा तो सोडत यायचं. जेवढा ब्रेक सुटतो तेवढी भाकरी वळायला मिळते. एकदम सोडला तर पुढच्या चाकांवरचं वजन मागं जातं आणि पुढचे टायर ऐन वळणात हलके पडतात. कठड्याला बसणाऱ्या बहुतेक गाड्यांची गोष्ट हीच असते, आणि ती खेळणाऱ्याच्या डोक्यात नसते, बोटात असते.

आमची सुरुवात साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका सायबर कॅफेत झाली. 'रोड रॅश', मग 'नीड फॉर स्पीड', सगळं कीबोर्डवर. वळताना बाण टकटक टकटक करत दाबायचा, म्हणजे गाडी थोडी थोडी वळायची. तिथले कीबोर्ड साधे, तीन बटणं एकदम दाबली की कधी कधी तिसरं नोंदवलंच जायचं नाही. आम्हाला वाटायचं आपलंच चुकलं. त्या बाणांबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही, त्या काळी जे होतं त्यावर खेळलो.

खरी मजा प्लेस्टेशन २ आल्यावर. मावसभावाने पुण्याहून जुना आणलेला, सोबत 'ग्रान टुरिस्मो ४'. त्यात फुलीच्या बटणावर रेस आणि चौकोनाच्या बटणावर ब्रेक. अंगठा आडवा टाकायचा, मधला भाग फुलीवर, टोक चौकोनावर, आणि पोळी लाटल्यासारखा इकडून तिकडे लोटायचा. खूप जणांना अजून माहीत नसतं की त्या ड्युअलशॉक २ ची, म्हणजे प्लेस्टेशन २ च्या रिमोटची, ही बटणं दाब ओळखायची. हलकं दाबलं तर हलकी रेस, जोरात दाबलं तर पुरी. कल्पना चांगली होती. पण बटण खाली जायचं केसभर, आणि त्या केसभरात निम्मा दाब कुठला न् पाऊण कुठला हे अंगठ्याला कळायचं नाही. मग सगळेच जीव खाऊन दाबायचे. नुर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या रेस ट्रॅकची ती लांब वाट, वीस किलोमीटरच्या वर, दोन फेऱ्या मारल्या की माझ्या अंगठ्याच्या पेरावर फुलीचा ठसा उठायचा. शिवाय सगळ्यात चपळ बोट रेस धरून बसण्यात अडकलेलं. गिअर टाकायला अंगठा मोकळाच नाही.

पुढे प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक ४ मध्ये, म्हणजे २०१३ ला, या बटणांचं दाब ओळखणं बंदच झालं. तोवर रेस-ब्रेक बहुतेक गेममध्ये ट्रिगरवर गेलेले होते. माझ्या मते हा रेसिंग गेमच्या रिमोटमधला सगळ्यात मोठा बदल. ग्राफिक्स सुधारले त्यापेक्षाही मोठा. ब्रेक तर्जनीला मिळाला आणि अंगठा गिअरला मोकळा झाला.

याच गोष्टीवर माझं आणि वडिलांचं एकदा चांगलंच वाजलं होतं. आण्णा एसटीत ड्रायव्हर होते. सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर ही वाट त्यांनी इतकी वर्षं चालवली की अजून ताटावर बसल्या बसल्या बोटानं वळणं काढून दाखवतात. मला गाडी त्यांनीच शिकवली, यवतेश्वरच्या घाटात. कासहून उतरताना शेजारी बसून दोनच गोष्टी बोलायचे. एक, ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. दुसरी, "ब्रेक दाबू नको, ब्रेक मुरव."

लॉकडाऊनमध्ये माळ्यावरचा प्लेस्टेशन २ खाली काढला आणि आण्णांच्या हातात रिमोट दिला. दिवाणावर बसले, चष्मा सारखा केला, फुली दाबली, पहिल्या वळणाला चौकोन दाबला आणि थेट वाळूत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा रिमोट मांडीवर ठेवून म्हणाले, "आरं, हा ब्रेक हाय का कंडक्टरची घंटी? वाजली तर वाजली, नायतर न्हाय."

मी लगेच दुसऱ्या खोलीतला नवा रिमोट आणि ट्रिगरवाला गेम दाखवला. उजव्या बोटाला रेस, डाव्याला ब्रेक. मला वाटलं आता खूश होतील. झालं उलटंच. त्यांची दोन्ही बोटं एकदमच आवळली जायची, रेसही दाबलेली आणि ब्रेकही, गाडी जागेवर गुरगुरत राहायची. मी समजावत होतो, की रेस सोडा ना आधी. त्यांचा आवाज चढला. "जन्मभर रेस आन् ब्रेक एका पायानं केलं. एकावरनं पाय उचलल्याशिवाय दुसऱ्यावर जातच न्हाय. तू दोन बोटांना वाटून दिलंस, आता कुणी कुणाला सांगायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं ते बरोबर होतं. माझा नियम मी खेळणाऱ्या पोरांवरून बांधला होता. एकाच क्षणी लागणारी दोन कामं एका बोटाला देऊ नका, हे ठीक. पण रेस आणि ब्रेक आण्णांच्या अंगात एकाच क्षणी लागतच नाहीत. तिथं एका अवयवाची दोन कामं हीच सुरक्षितता आहे. खरी गाडी तशीच बनवलीय: डाव्या पायाला क्लच, उजव्या पायाला बाकीचे दोन, म्हणजे चुकूनही दोन्ही दाबले जाऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या 'ग्रान टुरिस्मो'त रेस-ब्रेक रिमोटच्या उजव्या काडीवर (अंगठ्यानं ढकलायच्या दांडीवर) टाकले. काडी पुढं ढकलली की रेस, मागं ओढली की ब्रेक. ही मांडणी मी स्वतः कधीच मोडीत काढलेली होती, कारण त्यात रेस-ब्रेक एकत्र धरता येत नाहीत आणि उजवा अंगठाही अडकतो. आण्णांच्या हाताला ती अशी बसली की बघत राहावं. अंगठा काडीवर पावलासारखा ठेवला, पुढं नेला, वळण आल्यावर मध्यावर आणून क्षणभर थांबवला, मग मागं घेतला, आणि वळता वळता सोडत सोडत पुन्हा मध्यावर. ब्रेक मुरवला. गिअर ऑटोमॅटिकवर ठेवले होते, त्यामुळे अंगठा अडकल्याचं त्यांना काही नव्हतं. त्या संध्याकाळी एकदाही वाळूत गेले नाहीत. सावकाश गेले, पण वाळूत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की मोठ्या खेळाडूंची मांडणी व्हिडिओत बघून जशीच्या तशी उतरवू नका. आधी तुम्ही गाडी कशी चालवता ते ठरवा. गिअर ऑटोमॅटिक असतील तर ट्रिगरवर रेस-ब्रेक आणि पुढं सगळं सोपं. हाताचे गिअर असतील तर ते अंगठ्याखाली ठेवा, एक्सबॉक्सच्या रिमोटवर 'एक्स' आणि 'बी', आणि बंपरला जाऊ देऊ नका. तर्जनी ट्रिगरवर असताना तीच उचलून बंपरवर न्यायची म्हणजे भाच्याची गत. काही जण मधलं बोट ट्रिगरवर आणि तर्जनी बंपरवर अशी चार बोटं वर ठेवतात. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांना ते छान जमतं. माझ्या हाताला अर्ध्या तासात कळ लागते. आणि क्लचही वापरत असाल तर तो 'ए'वर हवाच, म्हणजे अंगठ्याचा बुडखा 'ए'वर दाबायचा आणि टोक 'एक्स' किंवा 'बी'वर लोटायचं. तोच जुना पोळी लाटण्याचा हात, फक्त आता योग्य कामाला लागलेला.

एमआयडीसीत काम करणाऱ्या माझ्या एका मित्राची उजवी तर्जनी मशीनमध्ये सापडून अर्धी गेलीय. तो रेस मधल्या बोटाने देतो आणि त्याला त्यात काही अडचण नाही. पण आधी त्याला कुणीतरी सुचवलं होतं की रिमोटच्या सेटिंगमधूनच रेस फुलीवर वळवून घे. तसं केलं की ट्रिगरचं काम बटणाकडे जातं आणि रेस एकतर शून्य नाहीतर पुरी. त्याला वाटलं आता आपल्याला हे गेम जमायचेच नाहीत. बोट बदला, बटण बदलू नका, हे त्याला वेळेत कुणी सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

पॅड, म्हणजे रिमोट, विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र पाच मिनिटं देऊन तपासाच. पीसीला जोडा, विंडोजमधली गेम कंट्रोलरची खिडकी उघडा आणि ट्रिगर अगदी हळू दाबा. पट्टी हळू भरत गेली तर ठीक. एकदम पुरी भरली तर तो ट्रिगरच्या आकाराचं बटण आहे, परत करा. मग दोन्ही ट्रिगर एकदम दाबा. जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीत काही पॅडचे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर असतात, एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. दोन्ही पुरे दाबले की पट्टी मध्यावर येऊन उभी राहते आणि त्या पद्धतीनं वाचणाऱ्या गेमला वाटतं तुम्ही काहीच दाबलेलं नाही. माझा पहिला पॅड असाच निघाला. वळणात ब्रेकसोबत थोडी रेस धरायला गेलं की दोन्ही गायब. दोन महिने मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

२०२० च्या ड्युअलसेन्समध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ५ च्या रिमोटमध्ये, ट्रिगर बोटाला उलटा जोर देतो. 'ग्रान टुरिस्मो ७' मध्ये एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागला की ब्रेकचा ट्रिगर बोटाखाली थरथरतो. मागच्या दिवाळीत मित्राकडे आण्णांच्या हातात तो दिला. गेम सुरू व्हायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काडीवर हाय का?" मी म्हटलं, आज फक्त बोट ठेवून बघा, गाडी मी चालवतो. माझ्या हातांवर हात ठेवून त्यांनी डावं बोट माझ्या बोटावर टेकवलं. पहिल्या कडक ब्रेकला ट्रिगर थरथरला तसे ते दचकले, मग हसले. "ह्येला कळतंय की!"

भाच्याचं आणि माझं एका गोष्टीवर अजून जमलेलं नाही. मी हँडब्रेक डाव्या बंपरवर ठेवतो. माझा हिशेब असा की हेअरपिनमध्ये, म्हणजे घाटातल्या उलट्या वळणात, हँडब्रेक येतो तो ब्रेक सोडल्यानंतर, तेव्हा डावं बोट रिकामंच असतं. तो म्हणतो, मी ब्रेक पुरा सोडतच नाही, मला तो उजव्या बंपरवर हवा. मग रेस पकडायला उजवं बोट उशिरा पोचतं, असं माझं म्हणणं. काल रात्री साडेअकरापर्यंत एकच हेअरपिन आम्ही आलटून पालटून काढत होतो. सहा वेळा तो पुढं, पाच वेळा मी, आणि बाराव्या वेळेला वहिनीनं टीव्ही बंद केला.