भावोजी, बॅट विकायला काढू नका

काल रात्री भावोजींनी आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, तोच जो सध्या सगळीकडे फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अंडर-१९ वर्ल्ड कप खेळला तरच पोरगा इंडियापर्यंत जातो नाहीतर विषय संपला, जिंकून आलेली पोरं पण पुढे गायबच होतात, रणजी-बिणजीला आता कोण विचारतं आयपीएलच सगळं, आणि हे सगळं मुंबई-दिल्लीवाल्यांसाठी, आपण पोराला वेळेत अभ्यासाला बसवावं. खाली भावोजींची एकच ओळ, "आता तरी पटलं का?"

हे माझ्या भाच्यासाठी होतं. सतरा वर्षांचा आहे, यंदा अंडर-१९ च्या यादीत नाव आलं नाही, आणि ताई सांगत होती की किट माळ्यावर गेलंय.

आधी एक सांगा, पहिलं वाक्य म्हणतं वर्ल्ड कप खेळल्याशिवाय काही नाही आणि दुसरं म्हणतं खेळून पण काही नाही. दोन्ही एकदम खरं कसं असणार? बरं, एकेक घेऊ.

वर्ल्ड कप नाही तर काहीच नाही, यावर माझं पहिलं उत्तर आपल्याच गावात आहे. हार्दिक पांड्या अंडर-१९ वर्ल्ड कप खेळलेला नाही. धोनी नाही, बुमराह नाही, सूर्यकुमार तर तिशी ओलांडल्यावर इंडियासाठी पहिली मॅच खेळला. पण हार्दिकची गोष्ट जास्त मजेची आहे, कारण हा माणूस अठराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत लेगस्पिन टाकायचा, फास्ट बॉलिंग नंतर आली, बडोद्याच्या कोचनी वळवलं म्हणून. म्हणजे त्या वयात निवड समितीने त्याला भिंग लावून बघितलं असतं तरी फास्ट बॉलर ऑलराउंडर दिसलाच नसता, कारण तो तेव्हा नव्हताच! आणि त्याचा मोठा भाऊ क्रुणाल, त्याची पहिली वनडे पुण्यात २३ मार्च २०२१ ला, दुसऱ्या दिवशी तिसावा वाढदिवस, ३१ बॉलमध्ये नाबाद ५८.

आता वयाचं गणित, जे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. हा वर्ल्ड कप साधारण दोन वर्षांनी येतो आणि वयाची तारीख १ सप्टेंबरची, म्हणजे स्पर्धेआधीच्या ऑगस्टअखेर एकोणीस पूर्ण झालेला पोरगा चालत नाही. समजा एक पोरगा ऑगस्ट २००२ चा आणि शेजारचा सप्टेंबर २००२ चा. २०२२ च्या वर्ल्ड कपला सप्टेंबरवाला एकोणीस पूर्ण होऊन चार महिने झालेला, अंग भरलेलं, खांदे रुंद, आणि चालला. ऑगस्टवाला बाद. त्याला खेळायचं असतं तर २०२० चाच खेळायला लागला असता, साडेसतरा वर्षांचा असताना, दोन वर्षं मोठ्या पोरांशी भांडून. एका महिन्याचा फरक, आईबापांनी काय पंचांग बघून जन्माला घालायचं का? त्यात बीसीसीआयने २०१६ पासून नियम केलाय की एका पोराला एकच अंडर-१९ वर्ल्ड कप, आणि टीममध्ये जागा पंधरा. मला तो नियम बरोबरच वाटतो, दुसऱ्या कुणाला तरी चान्स मिळतो, पण मग यादीत नाव नाही म्हणजे पोरगा कच्चा, हे कुठून काढलं?

दुसरा मुद्दा, गायब होतात. इथे मेसेजमध्ये थोडं खरं आहे ते मी मान्य करतो. २०१२ ची टीम बघा, उन्मुक्त चंदने फायनलमध्ये नाबाद १११ मारले, सगळे म्हणाले पुढचा कोहली, आणि इंडियाची कॅप त्याला मिळालीच नाही, त्या टीममधून फक्त हनुमा विहारी आणि संदीप शर्मा वर गेले. पण २००८ च्या पंधरामधून पाच जण इंडियासाठी खेळले: कोहली, जडेजा, मनीष पांडे, सौरभ तिवारी, सिद्धार्थ कौल. २०१८ च्या टीममधून सहा, त्यातले अभिषेक शर्मा आणि रियान पराग २०२४ मध्ये, सहा वर्षं थांबून. पंधरात पाच-सहा, अख्ख्या देशात हा खेळ किती पोरं खेळतात ते बघता याला गायब म्हणायचं?

आणि बाकीचे दहा कुठे जातात म्हणता? २००८ च्या फायनलचा मॅन ऑफ द मॅच कोण होता आठवतंय का भावोजी? कोहली नव्हे. आपल्या बडोद्याचा अजितेश अर्गल, ५ ओव्हर, ७ रन, २ विकेट. इंडियासाठी खेळला नाही, बडोद्याकडून खेळला आणि २०२३ मध्ये बीसीसीआयचा अंपायर झाला. टीव्हीवर दिसत नाही म्हणजे माणूस गायब, असं थोडंच असतं.

उलट लवकर पोचणं म्हणजे काही एफडी नाही. आपल्या इरफान पठाणने २००३ मध्ये लाहोरला अंडर-१९ आशिया कपमध्ये बांगलादेशविरुद्ध १६ रनमध्ये ९ विकेट काढल्या आणि त्याच डिसेंबरात ॲडलेडला टेस्ट खेळला. त्याची इंडियासाठी शेवटची मॅच २०१२ ची, तेव्हा अठ्ठावीस पण पूर्ण नव्हते. मोठा भाऊ युसुफ, मांडवीचं तेच घर, तो थेट २००७ च्या टी-२० वर्ल्ड कप फायनलमध्ये उतरला, चोविसाव्या वर्षी. एकाच घरात दोन घड्याळं.

रणजीचं म्हणाल तर अंबाती रायुडू. २००४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपचा कॅप्टन, मग बीसीसीआयची मान्यता नसलेल्या बंडखोर लीगमध्ये, आयसीएलमध्ये गेला, परत आला, आणि बडोद्याकडून रणजी खेळत राहिला, २०१३ मध्ये हरारेला पहिली वनडे, नाबाद ६३. नऊ वर्षं. बडोद्याकडूनच खेळलेला दीपक हुडा २०१४ चा अंडर-१९ वर्ल्ड कप खेळलेला, इंडियासाठी २०२२ मध्ये. मधली आठ वर्षं काय आयपीएलच्या डगआउटमध्ये बसून काढली? आणि आयपीएलवाले तरी पोरं कुठून उचलतात, राज्यांच्या टी-२० स्पर्धेतून, मुश्ताक अली ट्रॉफीतूनच ना, हार्दिक पण आधी तिथेच दिसला.

मुंबई-दिल्लीवाल्या मुद्द्याला मी उत्तर पण देणार नाही, इंडियाचे जुने कॅप्टन विजय हजारे कुठून खेळायचे एवढं विचारा स्वतःला, बडोद्याकडूनच ना? आणि पोरींचं तर मेसेजवाल्याला माहीतच नाही, त्यांचा पहिला अंडर-१९ वर्ल्ड कप २०२३ चा, आपली यस्तिका भाटिया त्याआधीच २०२१ मध्ये इंडियासाठी खेळून मोकळी.

अभ्यास करू दे, कोण नको म्हणतंय, बारावी आहे त्याची, सोडायची नाहीच. पण अजून एक वर्ष अंडर-१९ च्या कूचबिहार ट्रॉफीसाठी प्रयत्न आहे त्याच्या हातात, आणि मग सी. के. नायडू ट्रॉफी, अंडर-२३ ची. त्याला फक्त एवढंच कळू द्या की पप्पांनी हिशोब बंद केलेला नाही. काल मला फोनवर विचारत होता, "मामा, मी लेट झालो का?" सतराव्या वर्षी!

रविवारी सकाळी सहाला मी पोलो ग्राउंडवर जायला त्याला घ्यायला येतोय. ताईला म्हणावं किट माळ्यावरून काढून ठेव, आणि नाश्त्याचं बघू नको, येताना सेव उसळ आणतो.