काकूचे प्रेम कमी पडले नव्हते

आज आमच्या चित्रपट मंडळात ब्लेक एडवर्ड्स यांचा १९६२ सालचा 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' पाहिला. त्यात जो नावाचा नवरा आणि त्याची बायको कर्स्टन दोघेही दारूच्या आहारी जातात; शेवटी त्याची दारू सुटते, तिची सुटत नाही, आणि तो तिला तशीच घरात घेत नाही. नंतरच्या चर्चेत एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "जोने शेवटी बायकोला घरात घ्यायला हवे होते, त्याचे प्रेम कमी पडले." यावर बऱ्याच माना डोलल्या. त्या पाहून आलेला संताप घरी येऊनही उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या काकूचे प्रेम कमी पडले नव्हते. काका पिऊन पडलेले असत तेव्हा ती त्यांच्या साहेबांना फोन करून ताप आल्याचे सांगे, त्यांची उधारी फेडे आणि संध्याकाळी पाहुण्यांना हसतमुखाने वाढे. सारे नातेवाईक तिला सोशीक म्हणून गौरवीत; त्या फोनमुळे काकांचे पिणे बिनघोर चालले आहे, हे एकानेही तिला सांगितले नाही.

जॅक लेमनने साकारलेला हा जो सासऱ्याच्या काचगृहात, कुंडीत लपवलेली बाटली सापडेना म्हणून रोपे उपटत सुटतो, ते दृश्य पाहताना माझा श्वास अडकला. ज्याने आसरा दिला त्याचीच झाडे! जोचे सासऱ्यावर, बायकोवर, मुलीवर प्रेम नव्हते असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? प्रेम होते आणि तरीही बाटली जिंकत होती. चॉकलेटची आवड असलेल्या, दारूला न शिवणाऱ्या कर्स्टनला पहिला प्याला त्यानेच दिला, त्यामुळे तिला अट घालण्याचा त्याला काय अधिकार, हा प्रश्न रास्त आहे. मान्य. पण अपराधाची भरपाई म्हणून त्याने पुन्हा तिच्यासोबत प्यायला बसावे काय?

१९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तल्या, बालगंधर्वांनी साकारलेल्या सिंधूसाठी आपण शंभर वर्षे रडलो आणि रडता रडता दारुड्याच्या प्रत्येक बायकोकडून तसेच मुकाट मरण मागू लागलो.

काकू पुढे अल-अॅनॉनच्या, म्हणजे मद्यपींच्या कुटुंबीयांच्या, सभांना जाऊ लागली आणि तिने साहेबांना फोन करणे थांबवले. काकांची नोकरी गेली, तेव्हा तिला सोशीक म्हणणाऱ्यांनीच तिला कैदाशीण ठरवले. काका सुटले का, असे मला कोणी विचारू नये. काकू रात्रीची झोपू लागली आणि भावंडांचे शिक्षण पुरे झाले, एवढे मला पुरेसे आहे.

हे लिहिताना आठवते की, त्या गृहस्थांचा आवाज बोलताना कापत होता. कदाचित त्यांनीही कोणाला तरी दारातून परत पाठवले असेल आणि त्याचा सल आजही त्यांना खात असेल. तसे असेल तर त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या शेजारी बसून ऐकण्याची माझी तयारी आहे. परंतु चित्रपटातला जो कर्स्टनला हाकलून देत नाही, पिणे सोडून ये एवढेच तो म्हणतो, आणि तेही घरात लहानगी डेबी आहे म्हणून. दीड तासाच्या चर्चेत त्या मुलीचे नावसुद्धा निघाले नाही. पुढच्या बैठकीची सुरुवात तिच्यापासून करावी, असे मी मंडळाला कळवले आहे.