फॉर्ममध्ये वार विचारू नका

अभिनंदन! यंदाच्या 'कर्मचारी समाधान सर्वेक्षणा'चं घोंगडं तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका. लोअर परळच्या ज्या काचेच्या इमारतीत तुम्ही बसता, तिच्या खिडकीतून जुन्या गिरणीची चिमणी दिसते. त्या चिमणीखाली राबणाऱ्यांना 'समाधानी आहात का' असं विचारायला कुणी गेलं नव्हतं. कापड तरीही निघतच होतं.

आधी तारीख ठरवा. दिवाळीचा बोनस खात्यात पडला की दुसऱ्या दिवशी लिंक पाठवा. मार्चअखेर टाळा, अप्रेझलनंतरचा पंधरवडा टाळा. शीव-कुर्ल्यादरम्यान रुळांवर पाणी असेल त्या दिवशी तर चुकूनही पाठवू नका. तीन तास डब्यात उभं राहून आलेल्या माणसाला खरं बोलावंसं वाटतं.

मग प्रश्न. घात होतो तो इथेच. एखादा अभ्यासू सहकारी तुम्हाला परदेशी प्रश्नावल्या आणून दाखवेल. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या गृहस्थांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसत्या जास्त कामाने माणूस तेवढा पिचत नाही. काम उरावर आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा नाही, अशी जोडी जमली की पिचतो. पुढे १९९६ मध्ये योहानेस सीग्रिस्ट यांनी भर घातली: जेवढा जीव ओतला, तेवढं पगारात, मानात आणि नोकरीच्या खात्रीत परत मिळतं का, हे पाहा. यांच्या प्रश्नावल्या विचारतात, काम किती घाईने करावं लागतं, मध्ये थांबता येतं का, तुमचं कुणी ऐकतं का. छे! हे सगळे प्रश्न कामाबद्दल झाले. तुम्ही माणसाबद्दल विचारा. 'ताणाला सकारात्मकतेने सामोरे जाण्यास तुम्ही सक्षम आहात का?' यावर 'नाही' म्हटलं की दोष आपोआप म्हणणाऱ्याकडे जातो, आणि सुट्टीच्या शनिवारी सक्तीचं योगसत्र ठेवलं की विषय मिटतो.

कामाचे तास तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगून ठेवलंय की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त राबणाऱ्याला, ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त असतो. रकाना ठेवावाच लागला तर उत्तराला पर्याय एकच द्या: 'लवचिक'.

'खरा ताण साहेबांनाच असतो' ही समजूतही जपा. लंडनच्या दहा हजारांवर सरकारी नोकरांचा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात हृदयविकार खालच्या पायऱ्यांवर जास्त निघाला, आणि आपल्या कामावर आपला ताबा नसणं हे त्यामागचं एक मोठं कारण ठरलं. हे केबिनमध्ये बोलायचं नाही. आणि शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथल्या तज्ज्ञांना सल्ल्यासाठी बोलवायची हौस नको. ती मंडळी धूळ, आवाज, उजेड यंत्र लावून मोजतात. यंत्राला बोनस मिळालेला नसतो.

आता गोपनीयता. आमच्याकडे (कंपनीचं नाव राहू द्या) फॉर्मवर ठळक अक्षरांत होतं, 'आपली ओळख पूर्णपणे गुप्त राहील.' खाली चार निरुपद्रवी रकाने: विभाग, वयोगट, लिंग, नोकरीची वर्षं. आमच्या लेखा विभागात पन्नाशी उलटलेला, वीस वर्षं झालेला पुरुष एकच. मी. शेवटच्या चौकटीत मी भाबडेपणाने लिहिलं की एसीचा झोत दिवसभर थेट मानेवर येतो, संध्याकाळी डोंबिवलीपर्यंत मान वळत नाही. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये साहेबांनी विचारलं, "काय हो, मान कशी आहे?" आवाजात इतकी माया होती की पुढच्या वर्षी मी सगळीकडे 'पूर्णपणे सहमत' ठोकून मोकळा झालो. जाणकार सांगतात, गटात माणसं फार थोडी असतील तर त्या गटाचा निकाल वेगळा काढूच नये. तुम्ही आवर्जून काढा. वर्षभरात आकडे कसे सुधारतात बघा.

कुणाला विचारायचं यापेक्षा कुणाला विचारायचं नाही, हे महत्त्वाचं. हाउसकीपिंगच्या मावशी आणि गेटवरचे सिक्युरिटीवाले कंत्राटदाराचे. त्यांना कंपनीचा ईमेल नाही, ईमेल नाही म्हणून लिंक नाही, लिंक नाही म्हणून तक्रार नाही. मावशी जिन्यात, सामानाच्या खोलीबाहेर, पालथ्या बादलीवर बसून डबा खातात. 'कँटीनबद्दल तुमचे मत' हा प्रश्न त्यांच्यासाठी नव्हेच. आणि जे सोडून गेले ते तर गेलेच. कुणाची पाठ गेली, कुणाला बाळंतपणानंतर पुन्हा रात्रपाळीच मिळाली. रोगांची आकडेवारी मांडणारे याला 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात: दुखणाईत बाहेर पडतो, धडधाकट मागे उरतो, आणि मागे उरलेल्यांनाच मोजलं की कारखाना म्हणजे हवा पालटायचं ठिकाण वाटू लागतं.

माझे आजोबा इथल्याच एका गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरायच्या खात्यात होते. खिशात कायम गुळाचा खडा. गूळ खाल्ला की छातीतला कापूस उतरतो, अशी खात्यात समजूत होती. (उतरत नाही.) सुट्टी करून सोमवारी पाळीला गेले की त्यांची छाती आवळायची, मंगळवारी मोकळी. आजी म्हणायची, कामाचा कंटाळा, दुसरं काय. काही वर्षांनी मंगळवारही आवळायला लागला. मग बुधवार. मग वार मोजायचं कारणच उरलं नाही.

तिकडे इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांत रिचर्ड शिलिंग नावाचे डॉक्टर कामगारांना अगदी साधं विचारत होते: छाती आवळते ती कोणत्या दिवशी? सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी, की पुढच्या दिवशीही? त्यावरून बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाची, पायरी ठरायची. एक्स-रेमध्ये या रोगाची अशी खास खूण दिसत नाही. तो वारावरून सापडतो. आपल्याकडे नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत तो आहे. म्हणून बजावतो, फॉर्ममध्ये 'किती खूश आहात' हे दहादा विचारा, पण 'कधी' विचारू नका. 'कधी' विचारलं की माणूस आठवायला लागतो, आठवलं की कामाशी धागा जुळतो.

तुम्हालासुद्धा रविवारी रात्री, जेवणं उरकून उद्याचा डबा आणि आठ-बाराची लोकल डोक्यात आली की बरगड्यांच्या मागे काहीतरी घट्ट होतं, हो ना? ती ॲसिडिटी. गोळी घ्या, सोमवारी दुपारपर्यंत उतरेल. मंगळवारीही राहिलीच, तर कुणाला सांगत बसू नका. सांगणार तरी कुणाला? एचआर तुम्हीच आहात.