‘एडिटरमधल्या सोयी मुद्दाम बंद ठेवतात’ या तक्रारीबद्दल

नमस्कार सर,

त्या दिवशी आपल्या चिरंजीवांना पाऊण तास ताटकळावं लागलं, त्याबद्दल क्षमस्व. लॅब असिस्टंट रजेवर होता आणि बारा मशीन्स मी एकटीच बघत होते. चूक आमचीच.

आपण रिव्ह्यूत एकच स्टार दिलात, तोही मी निमूट घेतला असता. पण ‘सजेशन्स मुद्दाम बंद ठेवतात, म्हणजे मुलं रखडतात आणि पुढच्या बॅचचीही फी मिळते’ हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. अप्पा बळवंत चौकाजवळ २०१२ पासून हा प्रोग्रॅमिंगचा क्लास चालवते. फी एकरकमी ७,५०० रुपये, आठवडे १०. कोणी मागे राहिलं तर जादा तास मीच घेते आणि त्याचा एक रुपया कधी मागितलेला नाही. कोर्स लांबला तर खोट मलाच बसते, सर.

व्हीएस कोड, म्हणजे मुलं ज्यात प्रोग्रॅम लिहितात तो एडिटर, नव्याने टाकला की दोन अक्षरं टाइप करताच सुचवलेल्या शब्दांची यादी उघडते (हीच ती सजेशन्स), आणि एंटर दाबला की त्यातला निवडलेला शब्द कोडमध्ये येऊन बसतो. सरावलेल्या माणसाला ही मोठी सोय आहे, माझ्या मशीनवरही ती चालू असते. पण नवीन मूल एंटर दाबतं ते पुढच्या ओळीवर जायला. मग भलताच शब्द उमटतो आणि ‘मॅडम, मी हे लिहिलंच नव्हतं’ म्हणत ते रडकुंडीला येतं. शिवाय विद्यापीठाच्या लेखी पेपरात प्रोग्रॅम कागदावर पेनने लिहायचा असतो, तिथे कुठली यादी? म्हणून पहिले दोन आठवडे सजेशन्स बंद, तिसऱ्या सोमवारी चालू. हे पहिल्या दिवशी पालकांसमोर सांगते. आपल्याला तेव्हा यायला जमलं नव्हतं.

आणि सगळंच बंद ठेवतो असंही नाही. ऑटोसेव्ह मुळात बंद असतो, तो आम्ही चालू करतो. आमच्याकडे डेस्कटॉप आहेत आणि गुरुवारी वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

‘स्क्रीनभर ठिपके’ तेवढे राहिले. मूळ सेटिंगमध्ये स्पेस आणि टॅबच्या या खुणा फक्त निवडलेल्या मजकुरावर दिसतात. आम्ही त्या कायम दिसतील असं करतो: स्पेसला ठिपका, टॅबला बाण. एरवी डोळ्यांना दोन्ही कोरेच दिसतात, पण एकाच ब्लॉकच्या इंडेंटमध्ये, म्हणजे ओळींच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेत, त्यांची सरमिसळ झाली की पायथॉन ३ प्रोग्रॅम चालवतच नाही, टॅबएरर देतो.

पुढचं लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. त्या दिवशी अडलेला एरर नेमका हाच होता. चिरंजीवांनी मित्राकडून सेटिंग्जची फाइल आणून आमच्या फाइलवर टाकली होती. त्यात ठिपके बंद होते आणि इंडेंटला टॅब सक्तीचा होता. प्रोग्रॅमचा आधीचा भाग मात्र चार-चार स्पेस देऊन लिहिलेला. मी त्याला एका शब्दानेही रागावले नाही. मुलगा हुशार आहे, स्वतः करून बघणारा आहे आणि मला अशीच मुलं आवडतात. फक्त पाऊण तासातला बराचसा वेळ ही सरमिसळ शोधण्यात गेला, एवढं आपल्याला माहीत असावं.

कुठली सेटिंग का बदलली, याचा कागद आता प्रत्येक मशीनशेजारी लावतोय. असिस्टंट नसेल त्या दिवसाचीही काहीतरी सोय बघते.

गेल्या दोन तासांना तो आलेला नाही. शनिवारी सहानंतर मी क्लासमध्येच असते, त्याला घेऊन या. त्याचं मशीन सात नंबरचं, फाइल होती तशीच ठेवली आहे.