ऑफ तास म्हणजे सुट्टी नव्हे

"आठ तासांतले दोन-तीन ऑफच असतात ना तुमचे? मग वह्या तपासायला वेळ नाही म्हणजे काय?" दादाने असं थेट विचारलं तेव्हा गणिताचे सर समोरच बसले होते. ऑफ म्हणजे शिक्षकाला वेळापत्रकात वर्ग नसलेला तास. दादाची मुलगी नववीत आहे. तिच्या बीजगणिताच्या वहीत दिवाळीनंतर लाल शाई दिसलेली नाही. त्याचा राग खरा होता आणि प्रश्न रास्त होता. आमच्या कट्ट्यावर सरांचा मान ठेवूनच बोलतात, पण त्या संध्याकाळी कुणी दादाला अडवलं नाही.

सरांनी आवाज चढवला नाही. "कालचे दोन ऑफ सांगतो," म्हणाले. पहिल्यात बदली तास लागला, कारण मराठीच्या बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या. दुसऱ्या तासाला ते संगणकासमोर बसले. वर्गातल्या काही मुलांची नावं युडायसवर, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, अडकली होती. आधारवर आडनाव आधी, शाळेच्या प्रवेशनोंदीच्या जनरल रजिस्टरला शेवटी. कुठे वडिलांच्या नावात एक वेलांटी कमी. नाव जुळेपर्यंत पुढची खिडकी उघडत नाही. एकेका मुलाच्या पालकाला फोन, मग आधारचा फोटो मागवायचा, तो पुसट आला की पुन्हा फोन. त्यात तास संपला. वह्यांचा गठ्ठा टेबलावर होता तसाच राहिला.

"हे काम क्लार्कचं," दादा म्हणाला.

"क्लार्क कुठे आहे?" असं विचारलं बापूंनी. बापू एका अनुदानित हायस्कूलमधून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे आस्थापनेचं त्यांना तोंडपाठ. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदं द्यायची हे सरकार पटावरून ठरवतं त्यात, पदं कमी होतात, शिक्षकांची आणि शिक्षकेतरांचीही. शिपायांचं तर २०२० च्या डिसेंबरात ठरूनच गेलं: खासगी अनुदानित शाळांतली पदं जसजशी रिकामी होतील तसतशी ती संपवायची आणि त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता द्यायचा. "भत्त्यात येणारा माणूस टिकत नाही," बापू म्हणाले. "मग घंटा द्यायला, सूचनावही फिरवायला, वर्ग उघडायला कोण? जो शिक्षक ऑफ असेल तो." कागदावर ऑफ म्हणून दिसणारा तास असा चहूबाजूंनी खाल्ला जातो. माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे आणि बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही.

कट्ट्यावरच्या वकिलाने मग कायदा काढला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावायला मनाई करतं, पण अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. निवडणुकीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगून ठेवलंय की शिक्षकांना ते सुट्टीच्या किंवा न शिकवण्याच्या दिवशी द्यावं, एरवी शिकवण्याच्या वेळेत देऊ नये. "कायदा तुमच्या बाजूने आहे, सर. तुम्हीच कधी लेखी हरकत घेत नाही."

"हरकत घेतली की नोटीस येते," सर एवढंच बोलले.

जनगणनेवर बापूंनी एक मुद्दा जोडला, तो मला फार महत्त्वाचा वाटला. प्रत्यक्ष लोकसंख्या मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. आपल्याकडे दहावीची लेखी परीक्षा हल्ली त्याच महिन्यात सुरू होते, आणि तिच्या आधी तोंडी नि प्रात्यक्षिकं. ज्या हायस्कूलला गणिताचा एकच शिक्षक आहे, तिथे त्यालाच प्रगणक केलं तर दहावीच्या मुलांनी शंका कुणाला विचारायच्या? मोठ्या शहरातल्या शाळेत दुसरा कुणीतरी असतो. तालुक्याच्या गावाला विषयाचा दुसरा माणूस नसतो.

दादा मात्र हटला नाही, आणि त्याने जे विचारलं ते टाळण्यासारखं नव्हतंच. "सगळं मान्य. पण मग काही शिक्षक शाळा सुटल्यावर क्लासमध्ये तेच गणित जीव ओतून कसं शिकवतात? तिथे वह्या कशा तपासून होतात?" वकील लगेच म्हणाला, त्याच कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेताच येत नाही. बापू गप्प झाले. सर म्हणाले, "असे आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. त्यांच्यामुळे आमचं खरं सांगणंही खोटं वाटतं." मला विचाराल तर दादाचा हा वार योग्य जागी बसला. वर्गात हातचं राखून क्लासला मोकळा होणारा शिक्षक मुलांच्या हक्काचं चोरतो, त्याला दुसरा शब्द नाही. पण त्याची शिक्षा उरलेल्यांच्या वेळेला का द्यायची? ऑफ तास काढून घेतल्याने क्लास बंद पडत नाहीत. उलट वही शाळेत तपासली जात नाही म्हणूनच पालक क्लासचा रस्ता धरतात.

वही तपासणं म्हणजे नेमकं काय, ते सरांनी एका उदाहरणात सांगितलं. आठवीला विस्तार सूत्रं शिकवून झाली. वर्गात विचारलं, समजलं का? सगळे "हो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुदैवाने ऑफ तास मोकळा मिळाला, वह्या उघडल्या तर एकामागून एक वहीत तीच चूक: दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज. फळ्यावरून उतरवलेलं सूत्र बरोबर होतं, स्वतः सोडवलेली गणितं चूक. सरांनी पुढचा धडा थांबवला. फळ्यावर लिहिलं, तीन अधिक चार, सात. सातचा वर्ग एकोणपन्नास. शेजारी नऊ अधिक सोळा, पंचवीस. "उरलेले चोवीस कुठे गेले?" मुलं गप्प. मग सात बाय सातचा चौकोन काढला, तीन आणि चारवर आडवी-उभी रेघ मारली. दोन कोपऱ्यांत नऊ आणि सोळाचे चौकोन दिसले, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारा-बाराचे दोन आयत. मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडलीच, "सर, ते दोन विसरले आपण!"

हा तास टाचणात नव्हता. वह्या उघडल्या नसत्या तर तो झालाच नसता, आणि ती चूक दहावीपर्यंत मुलांच्या सोबत गेली असती. मी स्वतः शिक्षक नाही, पण एवढं ऐकल्यावर मला ऑफ तास हा शिकवण्याचाच भाग आहे याबद्दल शंका उरली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेत, ते तयारीच्या वेळेसकट.

दादा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे आम्हाला पालकसभेत का सांगत नाही? तिथे फक्त फी, गणवेश आणि शिस्त." यावर सरांकडे उत्तर नव्हतं. बापूंनी सुचवलं ते असं की पालक-शिक्षक संघाने मुख्याध्यापकांकडे लेखी मागावं: प्रत्येक विषयशिक्षकाचे आठवड्यातले दोन ऑफ तास वेळापत्रकातच 'वही तपासणी' म्हणून दाखवा, त्यात बदली तास नाही आणि संगणकही नाही. ऑनलाइन माहिती भरायला हवं तर पालकांतून जमणारे चार जण शनिवारी येऊन कागद जुळवून देतील. वकिलाला कागदाचा मसुदा करायला सांगितलं. मुलांची आधारची माहिती बाहेरच्यांच्या हाती देता येणार नाही, हे त्याने तिथेच बजावलं. म्हणून ठरलं की पालकांनी आपापल्याच मुलाची नावं घरी तपासून, दुरुस्ती करून आणायची.

दादाने एक अट घातली. दोन तास मिळाले तर महिन्याअखेर वहीत लाल शाई दिसली पाहिजे, नाहीतर पुढच्या सभेत तो उभा राहून विचारणार. सर म्हणाले, "विचारा. मला चालेल." मसुद्यावर पहिली सही दादा करणार आहे.