फुलोऱ्यात द्राक्षाच्या घडाजवळची पानं काढू नका

ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची गोडी छाटणी झाली की मोबाइलवर एक सल्ला फिरायला लागतो: घड दोडा अवस्थेत (फुलं उमलण्याआधी) आला की त्याच्या समोरची आणि खालची सगळी पानं काढा. पानं घडाचं अन्न खातात, घड उघडा झाला की मणी फुगतो, गोडी भरते, रोग येत नाही. नाशिक-सांगलीकडच्या थॉमसन, सोनाका या खायच्या द्राक्षांच्या बागायतदारांनी हे ऐकून कात्री हातात घेऊ नये.

'पानं अन्न खातात' हे फक्त कोवळ्या पानाबद्दल खरं आहे. पान साधारण निम्मं वाढेपर्यंत वेलीकडून घेतं, त्यानंतर द्यायला लागतं. फुलोऱ्याच्या वेळी शेंड्याकडची पानं अजून घेणारीच असतात. घडाला पोसतात ती तळातली जून पानं, आणि सल्ला नेमकी तीच तोडायला सांगतो! फुलं उमलताना अन्न तुटलं की गळ होते, सेटिंग म्हणजे मणी धरणं विरळ होतं.

इटली-स्पेनमध्ये असं करतात, हा पुरावा म्हणून सांगितला जातो. करतात, हे खरं. पण तिथं वाइनच्या द्राक्षात घट्ट घड कुजतो, म्हणून सेटिंग मुद्दाम कमी करून घड मोकळा करायचा असतो. आपल्याला खायच्या द्राक्षाचा मोठा, एकसारखा मणी हवा. आपण मण्यांची विरळणी करून आणि जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवून तो मोकळा करतो, त्यासाठी वेल उपाशी ठेवायची गरज नाही.

उन्हाने मणी गोड होतो हेही तसंच. साखर पानात तयार होते आणि घडात उतरते. एका घडामागे 10 ते 15 चांगली पानं लागतात, म्हणून तर शेंडा मारतानाही, म्हणजे फुटीचं टोक खुडतानाही, आपण पानं मोजतो. उघड्या घडावर दुपारचं पश्चिमेचं ऊन आलं की मणी तांबूस पडतात, सुकतात. पिंक बेरीच्या (मणी गुलाबी पडण्याच्या) भीतीने ज्या घडांना आपण कागद गुंडाळतो, त्यांचीच सावली आधी कशाला काढायची?

रोगाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. दाट कॅनॉपीत, म्हणजे पानांच्या छत्रीत, भुरी रोग वाढतो, डाऊनी (केवडा) रोगाला ओल मिळते, फवारा घडापर्यंत पोचत नाही. पण ती दाटी बहुतेक वेळा फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) आणि पानांच्या बगलेतून येणाऱ्या बगलफुटींची असते. त्या वेळेवर काढल्या की हवा खेळते.

पानाला हात लावायचाच, तर सेटिंग झाल्यावर. घडावर घासून मण्याला डाग पाडणारं एखाद-दुसरं पान काढा, तेही ओळीच्या सकाळचं ऊन येणाऱ्या बाजूचं. पश्चिमेकडचं राहू द्या. जमिनीकडची पिवळी पडलेली पानं मण्यात पाणी उतरताना (मणी मऊ पडायला लागताना) काढली तरी चालतात.

एप्रिलच्या सुमाराच्या खरड छाटणीनंतर फुटवे विरळ करायला सांगतात ते वेगळं. तेव्हा काडीच्या डोळ्यावर ऊन पडून पुढच्या हंगामाचा घड तयार व्हायचा असतो. तो सल्ला ऑक्टोबरनंतरच्या बागेला लावू नका.