६४ जीबी, १००० वॅट आणि पुतण्याचं बेताचं बजेट

पुतण्याने काल एक फॉरवर्ड पाठवला, तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. "गेमिंग पीसी बनवताय? रॅम ६४ जीबीच घ्या नाहीतर गेम अडकणार. रॅम वाढली की एसएमपीएसपण वाढवावा लागतो, १००० वॅटच्या खाली जाऊ नका. आधी एकच स्टिक घ्या, बाकीच्या पैसे येतील तशा टाका." त्याला आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड आणि रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर बसवायचाय, आणि आता विचारतोय, काका कार्ड हलकं घेऊन रॅम वाढवू का. अरे नको रे बाबा.

रॅम वाढली म्हणून एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, वाढवायचा हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. रॅमची एक स्टिक, म्हणजे पट्टी, जेमतेम तीन ते पाच वॅट खाते, चारही लावल्या तरी दोन एलईडी बल्बांएवढं. वीज खातं ते कार्ड, त्याच्या खालोखाल प्रोसेसर. ४०६० चं रेटिंग ११५ वॅट, ७६०० अगदी पिळला तरी ८८ च्या आसपास, बोर्ड, एसएसडी, पंखे सगळं धरून पावणेतीनशेच्या वर जाणं अवघड. कार्डाची कंपनी एनव्हिडिया स्वतः याला ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते आणि त्यातही हात राखून सांगितलंय. ४५० वॅट खाणाऱ्या थोरल्या ४०९० कार्डालासुद्धा ८५० च सांगितलंय की, मग याला हजार कशाला?

आता ५५० म्हणजे कुठलाही ५५० नाही हां, इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, वर ५०० वॅट छापलेलं, गेम लावला की दहा मिनिटांत मशीन धाडकन बंद. दोन महिने मी ड्रायव्हर बदलतोय, विंडोज टाकतोय, रॅम काढून पुसतोय, आणि शेवटी एकदाचा बाजूचा स्टिकर वाचला तर १२ व्होल्टच्या लाइनला फक्त १६ अँपिअर. १२ गुणिले १६, झाले १९२ वॅट! कार्ड आणि प्रोसेसर दोघं त्याच लाइनवर जगतात, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टला दाखवून बेरीज फुगवलेली. चांगल्या ५५० वर तिथे ४५ च्या आसपास अँपिअर दिसतात. म्हणून दुकानात खोका नाही, स्टिकर बघायचा. आणि एसएमपीएसवरचे ब्राँझ, गोल्ड हे शिक्के वीज वाया किती जाते तेवढंच सांगतात, शॉर्ट झाल्यावर तुमचा बोर्ड वाचेल का ते नाही.

त्याच ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, हजारचा लावला तर बिल दुप्पट येईल. तेही खोटं, मशीन लागेल तेवढीच वीज ओढतं. वाया जातात ते विकत घेतानाचे पैसे.

६४ जीबीचं म्हणाल तर आजचे बहुतेक गेम १६ मध्ये चालतात, मागे क्रोम आणि डिस्कॉर्ड उघडं ठेवायची सवय असेल तर ३२ निवांत. ६४ व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना द्या, त्यात २०२५ च्या शेवटी डेटासेंटरवाल्यांच्या मागणीने रॅमचे भाव असे कडाडले की उगाच घेणं परवडत नाही. गेम अडकतो तो बऱ्याचदा कार्डावरची स्वतःची ८ जीबी मेमरी भरते म्हणून, मग टेक्श्चर (गेममधल्या भिंती, जमीन, कपड्यांवरची चित्रं) रॅममधून ओढत आणावे लागतात आणि तो रस्ता कार्डाच्या मेमरीपुढे पाऊलवाट आहे. तिथे ६४ काय १२८ टाका, काही होत नाही, गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर एक पायरी खाली करा, लगेच फरक पडेल.

आणि एक स्टिकचा सल्ला तर सगळ्यात महाग. "डीडीआर५ ची एक स्टिक म्हणजेच ड्युअल चॅनल" असंही छातीठोकपणे सांगतात (डीडीआर५ म्हणजे या प्रोसेसरला लागणारी रॅम, ड्युअल चॅनल म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमध्ये एकदम दोन रस्ते), पण स्टिकच्या आत दोन भाग आहेत ते ३२-३२ बिटचे, मिळून ६४ च. दोन स्टिक लावल्या की १२८, म्हणजे रस्ता दुप्पट रुंद. नंतर भरू म्हणून चारही स्लॉट भरले तर प्रोसेसरची कंपनी एएमडीने ७६०० साठी दिलेला रॅमचा अधिकृत स्पीड ५२०० वरून थेट ३६०० वर येतो, वर दोन वेगळ्या पाकिटांतल्या स्टिक एकमेकींशी जमवून घेतीलच असं नाही.

तर पुतण्या, एकाच पाकिटातल्या १६ जीबीच्या दोन घे, ६००० स्पीडवाल्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसव. मग टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा स्पीड बघ, ४८०० दिसला तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडतात त्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे पाकिटावरचा स्पीड लावणारं सेटिंग, ऑन करायचं राहिलंय.